रविवारच्या घरसभेला विरोध : पोलिस, शेजारी, नातेवाईक, कुणाला कसं सामोरं जायचं?

तालुक्याचा_सेवक

जय ख्रिस्त मंडळी. प्रश्न तालुक्याच्या गावातल्या ३५-४० जणांच्या मंडळीचा आहे. चर्चची इमारत नाही. रविवारी १० ते १२ एका कुटुंबाच्या हॉलमध्ये उपासना होते. सध्या चार बाजूंनी ताण आहे.

दाराशी पाच-सहा तरुण उभे राहून मोबाइलवर शूटिंग करतात. येणाऱ्यांना "मूळ धर्म कोणता, पैसे किती मिळाले" असं विचारतात, आधार कार्ड मागतात. पोलिस ठाण्यातून तोंडी निरोप आहे की परवानगी आणा, नाहीतर सभा बंद ठेवा. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उपदेशातला वीस सेकंदांचा तुकडा फिरतोय. आणि जे नव्याने येतात त्यांच्या घरी रोज भांडण.

मंडळीत दोन मतं आहेत. वडीलधारे म्हणतात दुसरा गाल पुढे करा, तक्रार नको. पोरं म्हणतात तहसीलवर मोर्चा काढू. दोन्हींत काहीतरी चुकतंय असं वाटतं. नेमकं काय आणि कोणत्या क्रमाने करावं? वकील, पाळक, कुणीही जाणकारांनी सविस्तर लिहा.

फौजदारी_वकील

सेवकसाहेब, आधी परवानगीचं. राहत्या घरात, लाउडस्पीकर न लावता प्रार्थना करायला पोलिसांची पूर्वपरवानगी घ्यावी असा सर्वसाधारण नियम नाही. संविधानाचं कलम २५ आचरणाचा हक्क देतं, तो सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. परवानगीचा प्रश्न तीन ठिकाणी खरा असतो. लाउडस्पीकर लावला तर, कारण २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत लेखी परवानगी लागते आणि निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रस्ता, मैदान किंवा मिरवणूक असेल तर. आणि घराचा वापर बदलला तर. बाहेर बोर्ड लावला, गच्चीवर क्रॉस उभारला, रोज सभा भरू लागल्या की नगरपरिषद 'निवासी जागेचा धार्मिक वापर' हा मुद्दा काढू शकते. तेव्हा उपासना घरगुतीच राहू द्या. ढोलकी-पेटी चालते, ॲम्प्लिफायर नको.

तोंडी निरोपाला तोंडी वाद घालू नका. "साहेब, लेखी द्या, आम्ही लेखी उत्तर देतो," एवढंच नम्रपणे म्हणा. बऱ्याचदा लेखी येतच नाही. आलं तर ती बहुधा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ ची नोटीस असते (लोक अजून तिला जुन्या कायद्याच्या १४९ चीच नोटीस म्हणतात). ती घ्यायला नकार देऊ नका. "प्रत मिळाली, मजकूर मान्य नाही" असं लिहून तारीख-वेळ घालून सही करा आणि दोन दिवसांत एक पानी उत्तर आवक शिक्क्यासह द्या: जागा कुणाची, वेळ कोणती, किती माणसं, लाउडस्पीकर नाही, आमिष नाही. जिल्ह्यात महाराष्ट्र पोलिस अधिनियमाच्या कलम ३७ चा जमावबंदी आदेश लागू आहे का तेही बघून ठेवा. तो सार्वजनिक ठिकाणांसाठी असतो, पण फाटकाबाहेर घोळका करून गप्पा मारणारे आपलेच लोक त्यात सापडतात.

शूटिंगबद्दल. रस्त्यावर उभं राहून चित्रीकरण करणं एवढ्यानेच गुन्हा होत नाही. इथे आपली पोरं सगळ्यात मोठी चूक करतात, ती म्हणजे मोबाइल हिसकावणं. भारतीय न्याय संहितेत (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेली) हिसकावून चोरी हा ३०४ खाली वेगळा गुन्हा आहे, आणि तक्रारदार एका सेकंदात आरोपी होतो. हात खिशात ठेवा. आधार कार्ड मागायचा खासगी माणसाला अधिकार नाही. "पोलिसांनी मागितलं तर दाखवू" हे एक वाक्य सगळ्यांना पाठ करून ठेवा.

आता खरोखर घुसले तर. दाराशी एकच माणूस बोलेल हे आधीच ठरवा, शक्यतो वयस्कर आणि शांत. दुसरा ११२ लावेल. तिसरा मोबाइल आडवा धरून एका जागेवरून सलग चित्रीकरण करेल, फिरत-फिरत नव्हे. बाकीच्यांनी बसून राहायचं आणि लहान मुलांना आतल्या खोलीत न्यायचं. घोषणेला घोषणा नाही, मोठ्याने गाणंही नाही. गाण्याने धीर येतो खरा, पण व्हिडिओत काय बोललं गेलं ते ऐकू येत नाही.

तक्रारीत लागू होऊ शकणारी न्याय संहितेची कलमं: धार्मिक सभेत अडथळा ३००, उपासनेच्या वस्तूची किंवा जागेची विटंबना २९८, घरात घुसणं ३२९, मारायच्या तयारीने घुसणं ३३३, अडवून ठेवणं १२६, मारहाण ११५, धमकी ३५१, नासधूस ३२४, बेकायदा जमाव १८९. कलमं लावणं पोलिसांचं काम आहे, तुम्ही घटना लिहा. पण ३०० चा उल्लेख मुद्दाम करा. ते दखलपात्र आहे, म्हणजे पोलिस स्वतःहून तपास करू शकतात, आणि नेमकं तेच सुटतं. भावना दुखावणाऱ्या बोलण्याचं ३०२ अदखलपात्र आहे. सगळी घटना त्यात कोंबली की हातात एनसीची (अदखलपात्र नोंदीची) पावती येते आणि तपास होतच नाही.

तक्रार एका पानाची. पहिल्या पाच ओळींत कधी, कुठे, कोण, काय केलं. शिव्या आणि धमक्या जशाच्या तशा अवतरणात, सभ्य करून नव्हे. नाव माहीत नसेल तर "अनोळखी पाच ते सहा इसम, पैकी एकाने अमुक रंगाचा शर्ट, गाडीचा क्रमांक अमुक". "हिंदूंनी हल्ला केला" असं चुकूनही लिहू नका. समाजाने काही केलेलं नसतं, पाच माणसांनी केलेलं असतं. त्या एका शब्दामुळे तुमच्याच अर्जातून तेढ वाढवल्याचा अर्थ काढता येतो.

गुन्हा नोंदवून घेत नसतील तर ललिता कुमारी निकालाचा (सर्वोच्च न्यायालय, २०१३) हवाला द्या, दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर बंधनकारक आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(३) मुळे ३ ते ७ वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी होऊ शकते. तेवढी वाट पाहावी लागेल. पुढची पायरी १७३(४): पोलिस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने अर्ज. तिथेही काही झालं नाही तर १७५(३) खाली प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकारी. अधीक्षकांची पायरी गाळून थेट कोर्टात गेलात तर अर्ज तिथेच अडतो. हद्दीचा वाद घातला तर झीरो एफआयआर मागा, ती हद्द न पाहता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते. ऑनलाइन पाठवलेली माहिती तीन दिवसांत ठाण्यात जाऊन सही करावी लागते, नाहीतर ती एफआयआर म्हणून नोंदली जात नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.

मार लागला असेल तर खासगी दवाखान्याआधी सरकारी रुग्णालयात जाऊन एमएलसी (पोलिस प्रकरणासाठीची वैद्यकीय नोंद) करून घ्या. मुका मार असेल तरी. दुसऱ्या दिवशी निळा डाग उठतो, पण कागदावर आधीची नोंद नसते.

रेव्हरंड_नगरवाला

वकीलसाहेबांनी बाहेरचं सांगितलं. मी वडीलधाऱ्यांच्या आक्षेपावर बोलतो, कारण तो सुटल्याशिवाय मंडळी ठाण्याची पायरी चढणार नाही.

दुसरा गाल पुढे करा हे प्रभूचंच वचन आहे. पण त्याच प्रभूला हन्नाच्या वाड्यात शिपायाने चपराक मारली तेव्हा तो गप्प बसला नाही (योहान १८). माझं बोलणं चुकलं असेल तर चूक दाखव, बरोबर असेल तर मला का मारतोस, असं त्याने विचारलं. सूड नाही आणि मूक संमतीही नाही. पौलाला फिलिप्पैत चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकलं, दुसऱ्या दिवशी अधिकारी गुपचूप सोडून द्यायला निघाले. तो म्हणाला, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावं (प्रेषितांची कृत्ये १६). रोमी नागरिकत्वाचा हक्क त्याने वापरला, पुढे कैसराकडे अपीलही केलं. आणि छळ झाला की दुसऱ्या गावी पळा, हेही प्रभूने सांगितलं आहे (मत्तय १०:२३). म्हणजे सहन करणं, जाब विचारणं, दाद मागणं, निघून जाणं, चारही वाटा शास्त्रात आहेत. प्रसंग कोणता, हे ओळखणं वडीलवर्गाचं काम.

क्षमा केली की तक्रार मागे घ्यायची, हा आपल्याकडचा मोठा गैरसमज. ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन मुलं, फिलिप आणि तिमथी, जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला गाडीत जाळून मारली गेली. पत्नी ग्लॅडिस यांनी जाहीर क्षमा केली आणि बारीपद्याला कुष्ठरुग्णांची सेवा चालू ठेवली. खटलाही चालला. २००३ मध्ये शिक्षा झाली, उच्च न्यायालयाने मुख्य आरोपीची फाशी बदलून जन्मठेप केली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. क्षमा तिच्या मनातली होती, खटला राज्याचा होता. एकाने दुसऱ्याला अडवलं नाही.

मोर्चाचं मत मला पटत नाही. चाळीस जणांच्या मंडळीने तालुक्यात मोर्चा काढला की समोरून चारशेंचा निघतो, आणि मग प्रशासन 'दोन गट' म्हणून हिशेब करतं. पाच जणांचं निवेदन, आवक शिक्का, एवढं पुरे.

आता आपल्या घरातली झाडलोट. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात बजावलं आहे की ख्रिस्ती म्हणून दुःख सोसावं लागलं तर लाज नको, पण चोर म्हणून किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून सोसू नका. विरोधकांच्या दहा आरोपांत एखादा खरा असतो. तो एक काढून टाकला तर उरलेल्या नवांना जोर राहत नाही.

बरं करण्याच्या सभा. "कॅन्सर, मधुमेह, फिट्स बरे होतात" असं पोस्टरवर छापू नका. औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ चा आहे आणि तो सगळ्यांना लागू आहे. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, दोरीने किंवा साखळीने बांधणं, साप-विंचू-कुत्रा चावल्यावर उपचार रोखणं, चमत्काराच्या दाव्याने फसवून पैसे घेणं, हे सगळं त्याच्या अनुसूचीत येतं. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, गुन्हा अजामीनपात्र. आजाऱ्यासाठी प्रार्थना करा, आणि त्याच वेळी "गोळ्या बंद करू नका" हे सभेत मोठ्याने, रेकॉर्डिंगमध्ये येईल असं म्हणा. साक्ष देणाऱ्यानेही "डॉक्टरांकडे गेलोच नाही" अशी फुशारकी मारू नये.

धान्य, ब्लँकेट, वह्यावाटप रविवारी नको आणि उपासनेच्या जागीही नको. वेगळा वार, वेगळी जागा, यादी ग्रामपंचायत किंवा शाळेकडून घेतलेली, सर्व समाजांची. एकाच सकाळी तांदळाची पिशवी आणि प्रार्थना झाली की 'आमिष' या शब्दाला फोटोचा पुरावा मिळतो, तुमचा हेतू कितीही निर्मळ असो.

बाप्तिस्मा घाईने नको. १८ वर्षं पूर्ण, स्वतःच्या हस्ताक्षरात अर्ज, किमान काही महिन्यांचं शिक्षण, दोन साक्षीदार, नोंदवहीत पान क्रमांकासह नोंद. धर्मांतराचे कायदे राज्यागणिक वेगळे आहेत. गुजरातेत पुरोहिताने जिल्हा दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यायची असते, मध्य प्रदेशात साठ दिवस आधी सूचना द्यायची असते. नवापूर-नंदुरबारकडून डांगात किंवा बऱ्हाणपूरकडे सेवेला जाणाऱ्यांनी आपल्या गावची पद्धत तिकडे नेऊ नये, आणि आपल्या राज्यात आज काय लागू आहे ते दर वर्षी वकिलाला विचारावं. स्टॅनिस्लॉस खटल्यात (१९७७) सर्वोच्च न्यायालयाने प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे असं म्हटलं आहे. म्हणून "आम्ही इतके आत्मे जिंकले" छापाची आकडेवारी फेसबुकवर टाकणाऱ्या भावांनी जरा थांबावं. ही बढाई देवाला हवी असते की देणगीदारांना, कोण जाणे.

मुलांच्या रविवारशाळेला दोन्ही पालकांची लेखी संमती. परदेशी पाहुणा टुरिस्ट व्हिसावर असेल तर उपासनेला बसू शकतो, उपदेश करू शकत नाही. त्याच्याकडून रोख देणगी घेणं म्हणजे एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणी नसताना परदेशी पैसा घेणं. अर्पणाची पेटी दोघांनी मिळून मोजायची, वहीत सह्या, आणि ट्रस्ट असेल तर धर्मादाय कार्यालयातले हिशेब वेळेवर.

आणि व्यासपीठावरची भाषा. दुसऱ्याच्या देवाचं नाव घेऊन 'सैतान' म्हटलं की २९९ आपल्यालाही लागतं. कायदा बाजूला ठेवला तरी पौल अथेन्समध्ये त्यांच्या वेदीपासून आणि त्यांच्याच कवींच्या ओळीपासून बोलला, मूर्ती फोडा असं म्हणाला नाही.

वसईची_मेरी

रेव्हरंड, बहुतेक पटलं. एक भर घालते. तुमच्या दोघांच्या लिखाणात शेजारी फारच उशिरा येतो, खरं तर तो पहिला यायला हवा. दाराशी उभी राहणारी पाच पोरं बहुधा बाहेरच्या गल्लीतली असतात. त्यांना बळ मिळतं ते शेजाऱ्याच्या कुरकुरीतून. आणि ती कुरकुर धर्माची क्वचितच असते. बारा मोटरसायकली त्याच्या फाटकासमोर, जिन्यात चपलांचा ढीग, दुपारच्या झोपेत टाळ्या. गाड्या लांब लावा, चपला आत घ्या, बाराला म्हणजे बाराला संपवा, आणि घरमालकाने स्वतः चार घरी जाऊन "त्रास झाला तर मला फोन करा" असं सांगून नंबर द्यावा. सोसायटीत असाल तर सेक्रेटरीला पत्र.

फादर फ्रान्सिस दिब्रिटोंची निवड ९३ व्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी झाली तेव्हा ख्रिस्ती धर्मगुरू म्हणून विरोध झाला. तरी जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला संमेलन त्यांच्याच अध्यक्षतेखाली भरलं. त्यांच्या बाजूने बोलणारे बहुतेक ख्रिस्ती नव्हते. हरित वसईच्या लढ्यात पाण्यासाठी आणि झाडांसाठी जे सोबत उभे राहिले होते, ज्यांनी त्यांचं मराठी वाचलं होतं, ते बोलले. संकटाच्या दिवशी ओळखी काढता येत नाहीत.

तालुक्यात याची रोजची जागा म्हणजे पोलिस ठाण्याची शांतता समिती. गणपती, ईद, नाताळच्या आधी बैठक होते आणि ख्रिस्ती प्रतिनिधीची खुर्ची बहुतेकदा रिकामी असते, कारण अर्जच केलेला नसतो. दोन नावं द्या, त्यात एक बाई असू द्या. गावात तंटामुक्त समिती चालू असेल तर तिथेही. मात्र मारहाण किंवा तोडफोड झाली असेल तर समितीत 'मिटवून' घेऊ नका. किरकोळ कुरबुरीसाठी ती ठीक.

गणपतीच्या वर्गणीवरून हमखास कडवटपणा येतो. आमच्याकडे कॅथलिक घरं सहज देतात. तुमच्या काही मंडळ्यांत ते मूर्तिपूजेला साहाय्य मानतात. ज्यांना सद्सद्विवेकाने देता येत नाही त्यांनी दार लावून घेऊ नये. मंडळाच्या रक्तदान शिबिराला, वह्यावाटपाला पावती फाडा. प्रसाद नको असेल तर हात जोडून "माझं राहू द्या, मुलांना द्या" एवढं म्हटलं तरी चालतं, त्यावर प्रवचन नको.

प्रश्न विचारणाऱ्यांना उत्तर द्या, टोमणे मारणाऱ्यांना नको. फरक कळतो कसा? एक उत्तर दिल्यावर खरा विचारणारा त्याच मुद्द्यावर दुसरा प्रश्न विचारतो, दुसरा लगेच नवा आरोप काढतो. तिथे थांबायचं. "परदेशी धर्म" म्हटलं की चिडू नका. फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं, ओवीत. पंडिता रमाबाईंचं केडगाव, ना. वा. टिळकांची अभंगरचना, हे मराठीचंच आहे, शांतपणे सांगा. पण गोव्याच्या इन्क्विझिशनबद्दल विचारलं तर "ते झालंच नाही" म्हणू नका. ते १५६० ते १८१२, मधली काही वर्षं सोडून, चाललं. लोकांचा छळ झाला, त्यात नवख्रिस्तीही भरडले गेले. ते चूक होतं असं सरळ म्हणा. जो इतिहास लपवतो त्याच्या बाकीच्या उत्तरांवरही विश्वास बसत नाही.

तालुक्याचा_सेवक

सगळ्यांचे आभार. वर्गणीवर आमच्या वडीलमंडळाचं एकमत होणार नाही, पण रक्तदानाची सूचना चालेल असं वाटतं. दोन गोष्टी राहिल्या. नव्या विश्वासणाऱ्यांचा घरातला विरोध, आणि ती वीस सेकंदांची क्लिप. शिवाय आता दोन्ही बाजूंना १०७ ची नोटीस येणार अशी कुजबुज आहे.

समुपदेशक_ताई

दादा, घरच्यांना 'विरोधक' म्हणणं आधी बंद करा. आईला मुलगा हातचा जातोय असं वाटतं. पहिल्या महिन्यात पाळकाने नव्या माणसाला तीन गोष्टी सांगायला हव्यात: देवघर हलवायचं नाही, घरच्यांच्या फोटो-मूर्तींना हात लावायचा नाही, सणाच्या कामातून अंग काढायचं नाही. पूजेला बसणार नसेल तर बसू नये, पण पुरणपोळ्या लाटायला, पाहुण्यांची सोय करायला, आजारी सासऱ्याला दवाखान्यात न्यायला पहिला तोच असावा. मंडळीने रविवार सकाळ, बुधवार रात्र आणि शुक्रवारचा उपवास एवढं सगळं नव्या सुनेकडून मागू नये. घर मोडतं ते श्रद्धेपेक्षा वेळापत्रकामुळे जास्त.

नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई पुढची काही वर्षं वेगळ्याच मनःस्थितीत होत्या, त्यांचा निर्णय नंतर त्यांनी स्वतः घेतला. जोडीदाराला ओढत आणायचं नसतं.

कायद्याचे परिणाम बाप्तिस्म्याआधी सांगणं ही पाळकाची जबाबदारी आहे, नंतर कळलं तर फसवणूक वाटते. हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराने धर्म सोडणं हा दुसऱ्याला घटस्फोटाचा आधार होतो. हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याखालची पोटगी धर्म बदललेल्या पत्नीला मिळत नाही, मात्र नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ची (जुनं १२५) पोटगी धर्म पाहत नाही. अज्ञान मुलांचं नैसर्गिक पालकत्वही हिंदू कायद्याखाली धोक्यात येतं. वडिलांच्या मिळकतीतला स्वतःचा वारसा जात नाही, पण धर्मांतरानंतर जन्मलेल्या मुलांना हिंदू नातेवाइकांचा वारसा मिळत नाही. अनुसूचित जातीचा दर्जा १९५० च्या आदेशाप्रमाणे हिंदू, शीख, बौद्ध यांनाच आहे. जमातीच्या बाबतीत असा धर्माचा निकष नाही. दाखला चालू ठेवून चर्चच्या वहीत वेगळी नोंद करायची, हा दुटप्पीपणा करू नका आणि करायला सांगूही नका. नोकरी जाते, आणि सगळी मंडळी खोटी ठरते.

बाईला मारहाण होत असेल तर "प्रार्थना कर, सहन कर" हा सल्ला देऊ नका. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन, संरक्षण अधिकारी, २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा. तिला लपवायचं ठिकाण पाळकाचं घर कधीच नको. त्यातून अपहरणाची तक्रार उभी राहते. सज्ञान मुलगी स्वतःहून घर सोडत असेल तर तिने आधी स्वतः पोलिसांना लेखी कळवावं. १८ च्या आतलं मूल असेल तर परत घरी किंवा बालकल्याण समितीकडे, तिसरा पर्याय नाही.

फौजदारी_वकील

ताईंनी लिहिलेल्या वारसा-पालकत्वाच्या मुद्द्यांवर प्रत्येक कुटुंबाने आपापला सल्ला घ्यावा, तपशिलाने निकाल फिरतो.

क्लिपचं. त्या ग्रुपवर वाद घालू नका, प्रत्येक उत्तराने ती पुन्हा वर येते. ॲडमिनला खासगीत संपूर्ण उपदेशाची लिंक आणि दोन ओळी: "हे पूर्ण ऐका, तुकडा काढून टाकावा ही विनंती." यासाठी दर रविवारचं सलग रेकॉर्डिंग स्वतःकडे हवं. उपदेशात खरंच कुणाला लागेल असं वाक्य असेल तर त्याच ग्रुपवर एकदा, कारणं न देता दिलगिरी, आणि विषय संपवा. क्लिप जोडतोड करून बनवलेली असेल किंवा खाली "यांना ठोका" छाप मजकूर असेल तर सायबर पोर्टलवर आणि ठाण्यात दोन्हीकडे तक्रार. द्वेषपूर्ण भाषणावर तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवावा, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सर्व राज्यांना सांगितलं आहे, अर्जात त्याचा उल्लेख करा.

पुरावा सांभाळताना एक चूक घरोघरी होते. व्हिडिओ व्हॉट्सॲपने फिरवतात आणि मूळ फोनमधून जागा करायला उडवतात. व्हॉट्सॲप फाइल दाबून लहान करतं, मूळ माहिती जाते. मूळ फाइल ज्या मोबाइलमध्ये आहे तो तसाच ठेवा, पेन ड्राइव्हवर एक प्रत काढा, हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा संगणकी अंक) काढून घ्या. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र आता दोन भागांत लागतं, एक तुमचं, एक तज्ज्ञाचं. समोरच्या दुकानाच्या सीसीटीव्हीसाठी त्याच दिवशी दुकानदाराला आणि पोलिसांना लेखी विनंती द्या. डीव्हीआर (सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) थोड्याच दिवसांत जुनं पुसून नवं लिहितो.

१०७ म्हणजे आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १२६, चॅप्टर केस. शिक्षा नसते, शांतता राखण्याचं बंधपत्र मागतात, जास्तीत जास्त एका वर्षासाठी. पोलिस समतोल दाखवायला दोन्ही बाजूंवर टाकतात. घाबरून पहिल्याच तारखेला बाँडवर सही करून मोकळे होऊ नका. तालुक्यात तहसीलदार किंवा प्रांतांसमोर ही चालते. आधी कलम १३० चा लेखी आदेश मागा, त्यात तुमच्याविरुद्धची माहिती काय ते लिहिलेलं असलं पाहिजे. मग वकीलपत्र आणि लेखी म्हणणं: आम्ही तक्रारदार आहोत, आमच्याकडून काहीही घडलेलं नाही, सोबत अर्जांच्या शिक्क्याच्या प्रती. प्रत्येक तारखेला हजर राहा. गैरहजेरीवर वॉरंट निघतं, आणि तेच उद्याच्या बातमीत "पास्टरविरुद्ध वॉरंट" होतं.

साक्षीदार म्हणून बोलावलं तर स्त्रिया, ६० वर्षांवरचे आणि १५ खालचे यांना ठाण्यात जायची सक्ती नाही (त्याच संहितेचं कलम १७९), जबाब घरी होतो. फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समिती, फोन १५१००. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि कोठडीतली व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. राज्य अल्पसंख्याक आयोगाला अर्ज करायचा तर एफआयआरची प्रत आणि अधीक्षकांना पाठवलेल्या अर्जाची पोच जोडा. मानवी हक्क आयोगाला घटनेपासून एका वर्षाच्या आत.

येत्या रविवारच्या आधी एवढं करून ठेवा: ठाण्यात बंदोबस्ताची लेखी विनंती, त्यात उपासनेची वेळ आणि घरमालकाची सही. प्रत अधीक्षक कार्यालयाला ईमेलने. शिक्का मारायला नकार दिला तर तिथे हुज्जत नको, पोस्टात जाऊन तोच अर्ज स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती वहीत चिकटवा.